मॉइश्चर किती, ते घरीच बघा

दसरा-दिवाळीच्या दिवसांत धाराशिवकडच्या कुठल्याही आडतीवर उभे राहा, भावाच्या आधी एकच प्रश्न ऐकू येतो : 'मॉइश्चर किती?' कोणी त्यालाच 'हवा' म्हणतं. शाळेचं तोंड न पाहिलेली आजीसुद्धा हा शब्द बिनचूक वापरते. पण त्यामागचा हिशेब फार थोड्यांना माहीत असतो, आणि तिथंच आपलं नुकसान होतं.

ओलीला आपल्याकडे शब्द कमी नाहीत. रानात ओल, पेरणीला वाफसा, हवेत दमटपणा. हे सगळं हाताला नि पायाला कळतं. वाफसा आला की नाही, हे आपण मातीचं ढेकूळ मुठीत दाबून सांगतो. मॉइश्चर मात्र यंत्राच्या आकड्यातून कळतं, आणि यंत्र समोरच्याचं असतं.

तो आकडा म्हणजे दाण्याच्या एकूण वजनात पाणी किती, एवढंच. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीला १२ टक्क्यांची अट असते. २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती १५ पर्यंत सैल केली होती. आता १८ टक्के मॉइश्चरचा क्विंटलभर माल धरा. त्यात ८२ किलो कोरडा ऐवज, १८ किलो पाणी. वाळवून १२ टक्क्यांवर आणला की ९३ किलोच्या किंचित वर भरतो. म्हणजे घट सहा किलोंची नाही, जवळजवळ सात किलोंची. तेवढी कपात समजू शकते. त्याहून जास्त कापली तर कशापोटी, हे विचारायला लाजू नका.

घरी अंदाज घेता येतो. कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा सोयाबीन घ्या, दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पाव तास ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर माल साधारण १५ टक्क्यांच्या वर ओला आहे. दाताखाली दाणा दबला, कट्टकन तुटला नाही, तरी तेच समजा.

असा माल मळणीयंत्रातून थेट पोत्यात भरू नका. आत तापतो, बुरशी धरते. सकाळी दव उडाल्यावर ताडपत्रीवर पातळ पसरा, दुपारी हात फिरवा, सांजेला गोळा करून झाका.

आणि आडतीवर गेलात की यंत्राचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत काढायला लावा, पट्टीवर लिहून घ्या.