कोडमधला उधारीचा पत्ता मालासोबत विकू नका



'मशीनवर लावायची छोटी डिव्हाइस बनवून विका' या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी काम सुरू केलंय. चांगलंय. पण आज जरा कडू बोलणार आहे.

आमच्या बॅचमधल्या एका पोरानं भट्टीचं तापमान मोबाईलवर दाखवणारं यंत्र बनवलं. घरी टेबलावर झकास चाललं. शिरोलीतल्या एका फाउंड्रीनं तीन नग घेतले. पहिला लावला, चालला. दुसरा लावला आणि पहिला गायब. परत पहिला आला की दुसरा गायब. भावानं केबल बदलली, स्विच बदलला, फाउंड्रीच्या वायरमनशी भांडण काढलं. पंधरा दिवस गेले आणि पेमेंट अडकलं ते वेगळंच.

दोष सहा बाइटांचा होता. तिन्ही यंत्रांचा मॅक ॲड्रेस एकच!

नेटवर्कला जोडणाऱ्या प्रत्येक वस्तूला ४८ बिटांचा पत्ता लागतो. गाडीच्या चेसिस नंबरसारखा तो जगात एकमेव असायला हवा. म्हणून पहिला भाग आयईईई ही संस्था कंपन्यांना वाटून देते आणि उरलेला भाग कंपनी स्वतः भरते. एमएच ०९ च्या एकाच नंबरच्या दोन गाड्या रस्त्यावर आल्या तर दंडाची पावती कुणाच्या घरी जाणार? इथंही तेच होतं. स्विचला कळत नाही की हा पत्ता तीन नंबरच्या पोर्टवर आहे की पाचच्या. जो शेवटचा बोलला त्याच्याकडे तो डेटा पाठवतो. राउटरही दोघांना एकच समजून एकच आयपी देतो.

मग हा पत्ता आला कुठून? तुमच्यातल्या निम्म्यांच्या कोडमध्ये तो आत्ता असेल. आर्डुइनोच्या इथरनेट उदाहरणात 'डीई एडी बीई ईएफ एफई ईडी' असं लिहिलेलं असतं. ते शिकण्यासाठी आहे, आपण तसंच्या तसं उचलतो. डब्ल्यू५५०० किंवा ईएनसी२८जे६० या इथरनेट चिपमध्ये स्वतःचा पत्ता नसतो, तो तुम्ही द्यायचा असतो. ईएसपी३२ वापरत असाल तर सुटलात, त्यात कारखान्यातच भरलेला असतो. फक्त कोडमधून तो बदलण्याचा शहाणपणा करू नका. आणि जुन्या राउटरवरचा नंबर वाचून आपल्या मालात टाकणारेही मी बघितलेत. हा जुगाड नाही, दुसऱ्याची नंबरप्लेट आहे.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला पत्ता असलेली मेमरी चिप विकत घ्या. मायक्रोचिप कंपनीची २४एए०२ई४८ घ्या, आठ पायांची किंवा त्याहून लहान. तिच्या अर्ध्या मेमरीत कारखान्यातच जगात एकमेव असा पत्ता लिहून तो भाग कायमचा बंद केलेला असतो. वीज जाऊ दे, प्रोग्रॅम दहा वेळा बदलू दे, पत्ता हलत नाही. उरलेले १२८ बाइट तुमचे, त्यात सिरियल नंबर किंवा सेन्सरचं कॅलिब्रेशन ठेवा. सुरू होताना कोडनं पत्ता वाचायचा, बस्स. खर्च म्हणाल तर नगामागे मिसळीच्या प्लेटपेक्षा कमी.

काही जण म्हणतात, "सर, आयईईईकडून स्वतःच्या नावाचाच ब्लॉक घेऊ, ब्रँड दिसेल." सगळ्यात लहान ब्लॉक ४०९६ पत्त्यांचा, त्याला शेकडो डॉलर लागतात. ऑर्डर किती नगांची? तीन! चिप ४० रुपयांना धरली तरी ५० नगांना २००० रुपये. हिशोब तुम्हीच करा. हजारो नग जायला लागले की ब्लॉक स्वस्त पडेल हे खरं, पण तेव्हा कुठला नंबर कुठल्या नगात टाकला याची वही काटेकोर ठेवावी लागेल. कामगारानं एक नंबर दोनदा टाकला की पुन्हा शिरोलीचाच किस्सा. चिपमध्ये ती कटकट नाही.

एक उणीव मात्र सांगायला हवी. ग्राहकाच्या आयटीवाल्यानं नेटवर्क तपासलं तर त्याला तुमच्या नावाऐवजी चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसेल. तो विचारेलच. आधीच सांगून ठेवा, लपवण्यासारखं काही नाही.

आणखी एक काम. नग बाहेर पडण्याआधी तो पत्ता वाचून स्टिकर छापा आणि डबीवर चिकटवा. रात्री दहाला फाउंड्रीतून "यंत्र बंद पडलंय" असा फोन आला की स्टिकरवरचे शेवटचे चार अंक विचारायचे आणि राउटरच्या यादीत बघायचे. गोकुळ शिरगावपर्यंत गाडी काढायची वेळ बऱ्याचदा येत नाही.

त्या पोरानं बोर्ड नवीन काढले, चिप बसवली, तिन्ही नग फुकट बदलून दिले. पेमेंट दोन महिन्यांनी मिळालं, तेही कापून. तुमचा माल अजून टेबलावरच असेल तर आज रात्रीच दोन नग एकाच राउटरला जोडून बघा. एकच नग तयार असेल तर दुसरा बनेपर्यंत ग्राहकाला तारीख देऊ नका.