बारावी आणि अठरावे

वाडीवरच्या घरात दहावीचे मूल असले की सगळे घर टक्क्यांकडे डोळे लावून बसते. शाखा कोणती, कॉलेज वसईचे की विरारचे, गाडीला गर्दी किती, एवढीच काय ती चर्चा. बारावीच्या मागेपुढे त्याच मुलाला अठरावे लागणार, मतदार यादीत नाव येणार आणि जमिनीच्या कागदावरची त्याची सही कायद्याने धरली जाणार, हे कोणाच्या ध्यानात नसते.

आपल्या वसईत ही सही हलकी नाही. केळी, पानवेल, फुले, भाजी यांवर जगलेल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, आणि गुंठ्याला गिऱ्हाईक दारात उभे. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. ख्रिस्ती घरांना लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी असा भेदच नाही. तरी हक्कसोडपत्रावर पोरीची सही ती न वाचताच होते. ‘मोठी माणसे सांगतात तिथे कर,’ एवढेच तिला ठाऊक. याला शिक्षण म्हणायचे का?

तेव्हा या सुट्टीत एक दिवस सातबारा काढून मुलांना घेऊन बसा. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे ते असते, बारामध्ये पिके. शेजारी फेरफाराचा नंबर असतो. तो धरून मागे गेले की आजोबांच्या वाटण्या कळतात. इतर हक्कात कर्जाचा बोजा आहे का, तेही पाहू द्या. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून होते. ती खुशाल मुलांवर सोपवा, आपल्यापेक्षा त्यांचे बोट त्यावर झरझर चालते.

दुसरे काम हिशोबाचे. पहाटेच्या गाडीने दादरला फुले नेणाऱ्या घरातल्या मुलाला मोगऱ्याची आडत किती, मजुरी किती, पंपाचे बिल किती, हे बहुधा माहीत नसते. दोन महिने वही त्याच्या हाती द्या. ‘शेतीत काही उरत नाही’ हे आपण त्याच्यासमोर रोज म्हणतो. खरोखर उरते की नाही, हे त्याचे त्याला कळू दे. मग तो नोकरी निवडो की वाडी, अंदाजाने निवडणार नाही.

शाखेचे थोडक्यात. शेतीची किंवा फलोद्यानाची पदवी हवी असेल तर अकरावीला विज्ञान लागते. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, आणि वाडीतल्या मुलांना ते परके वाटायचे कारण नाही. हाताला कसब हवे असेल तर दहावीनंतर आय.टी.आय. आहेच. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. तो अर्ज सायबर कॅफेवाल्याने भरायचा नसून मुलाने भरायचा आणि आपण शेजारी बसायचे. जातीच्या दाखल्याला इतर मागासवर्गीयांकडून १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेत असेल तर आताच शोधा. जूनमध्ये धावपळ होते.

आणि गावाचे काय? ३ जुलै २००९ ला वसई-विरार महापालिका झाली. काही गावे आत, काही बाहेर, आणि गावे वगळण्याचा वाद वर्षानुवर्षे कोर्टात. आपले गाव ग्रामपंचायतीत की प्रभागात, हे दहावीच्या किती मुलांना सांगता येईल? १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची माणसे उभी राहिली ती जमिनी आणि विहिरींचे पाणी यांसाठी. सरकारी कागद वाचणारी आणि हरकत लिहिणारी माणसे तेव्हा लागली, आजही लागतात. ग्रामसभा किंवा प्रभागाची बैठक असेल तेव्हा मुलीला बरोबर न्या. तिला मत नाही, पण मागच्या बाकावर बसून ऐकायला कोणी हरकत घेणार नाही. घरी येताना काय ठरले ते तिलाच विचारा.