पावसाळी मुक्काम आणि म्होरक्याची जागा

आषाढ लागला की बजाजनगरातल्या मोबाइलांवर सह्याद्रीच्या सहलींच्या जाहिराती फिरू लागतात: दुसरी पाळी सुटल्यावर गाडी निघणार, पहाटे पायथा, गडावर एक मुक्काम, वर्गणीत तंबू आणि दोन वेळचे जेवण. तरुणांनी डोंगरात जावे, असे या स्तंभाचे प्रारंभापासून मत आहे आणि ते बदलण्याचे काही कारण घडलेले नाही. परंतु या जाहिरातींत गडाची उंची आणि धबधब्यांची संख्या सांगितलेली असते, नेणाऱ्याची पात्रता मात्र कोठेच सांगितलेली नसते, ही गोष्ट मला उत्तरोत्तर अस्वस्थ करू लागली आहे.

वाळूजच्या कारखान्यांच्या आश्रयाने ऐंशीच्या दशकापासून जी वस्ती येथे जमली, ती बीड, जालना, परभणी अशा अवर्षणाच्या मुलखांतून आलेली आहे. ज्याच्या गावी पाऊस हा वर्षानुवर्षे वाट पाहावयाला लावणारा पाहुणा, त्याच्या मनात पावसाविषयी कृतज्ञता असते, भय नसते. आपल्या जिल्ह्याची वार्षिक सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. घाटमाथ्यावर जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा पाऊस सहज कोसळतो. आणि आपलाही मुलूख सर्वस्वी निर्धोक आहे असे नव्हे. 2021च्या ऑगस्टअखेर एका रात्रीच्या पावसाने कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि धुळ्याकडची वाहतूक बंद पडली, हे स्मरणात असावयास हवे.

हरिश्चंद्रगड हे नवशिक्यांचे पहिल्या मुक्कामाचे आवडते ठिकाण. गड 1424 मीटर उंच. अकोले तालुक्यातल्या पाचनईची वाट सोपी, तर जुन्नरकडच्या खिरेश्वरहून तोलारखिंडीने जाणारी वाट लांब आणि कातळाची. या दुसऱ्या वाटेवर 2023च्या ऑगस्टारंभी पुण्याचा सहा जणांचा गट दाट धुक्यात वाट चुकला, भर पावसात त्यांना डोंगरावरच रात्र काढावी लागली आणि त्यांतला एक तरुण थंडीने दगावला. कड्यावरून कोणी पडले नव्हते, ओढ्यात कोणी वाहून गेले नव्हते. ज्या महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, तेथे माणूस गारठ्याने मरू शकतो, यावर आमच्याकडील पुष्कळांचा विश्वास बसत नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला उष्माघाताची लक्षणे सांगावी लागत नाहीत. पण देहाची ऊब पस्तीस अंशांच्या खाली उतरू लागली म्हणजे काय होते, हे त्याला कोणी शिकविलेलेच नसते. प्रथम हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, पावले लटपटतात, सॅकची बक्कल लावणेही बोटांना जमेनासे होते, आणि एरवी बडबड करणारा गडी गप्प राहून मागे पडू लागतो. यापुढची अवस्था सर्वांत फसवी, कारण हुडहुडी थांबते आणि सोबत्यांना वाटते की आता बरे वाटू लागले. वस्तुतः ऊब निर्माण करण्याची शरीराची शक्तीच त्या वेळी संपत आलेली असते. उपाय गहन नाहीत: वाऱ्याचा आडोसा, ओले कपडे काढून कोरडे चढविणे, माणूस शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय, आणि मदतीची तजवीज. मात्र ते वेळीच योजावयाचे तर त्या गप्प माणसाकडे कोणाचे तरी लक्ष असले पाहिजे.

कपड्यांविषयी एवढेच सांगतो की जीन्स घरी ठेवावी. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि अंगाची ऊब शोषून घेते; उलट लोकर भिजली तरी काही ऊब राखते, हे आमच्या धनगरांना कोणत्याही दुकानदाराच्या आधीपासून ठाऊक आहे आणि त्यांची घोंगडी त्याची साक्ष आहे. सॅकवरच्या आच्छादनावर विसंबू नये. खताच्या गोणीच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी असते, तशी एखादी कोरी पिशवी सॅकच्या आत घालून तीत मुक्कामाचे कपडे बांधून ठेवावेत. ते वाटेत कितीही मोह झाला तरी काढू नयेत.

आता मुख्य प्रश्न, म्होरक्याने चालावे कोठे? बहुतेक हौशी म्होरके सर्वांच्या पुढे, झपाट्याने आणि बहुधा छायाचित्रे काढीत चालतात. बजाजनगरशेजारच्या छोट्या पंढरपुरास आषाढी एकादशीला दिंड्या येतात, त्यांची रचना त्यांनी एकदा न्याहाळावी: पुढे पताका, मग टाळकरी, आणि दिंडीचा प्रमुख जो विणेकरी तो त्यांच्या मागे. डोंगरातही वाट जाणणारा एखादा विश्वासू सहकारी पुढे द्यावा, सर्वांत मंद चालणाऱ्यास त्याच्या पाठोपाठ ठेवावे, म्हणजे चाल आपोआप बेताची राहते, आणि ज्याच्या शिरावर जबाबदारी आहे त्याने शेवटी राहावे. प्रत्येक फाट्यावर आणि खिंडीत सगळे जमल्याखेरीज पाऊल पुढे पडू नये. हजेरी तोंडी नव्हे, माणसे मोजून घ्यावी.

आणि परतण्याची वेळ निघण्यापूर्वीच मुक्रर करून सर्वांस सांगावी. दुपारी बारापर्यंत खिंड गाठली नाही तर माघार, ओढ्याचे पाणी गढूळ होऊन वाढू लागले तर अलीकडेच मुक्काम, असे आधी ठरलेले असले म्हणजे ऐनवेळी वाद होत नाहीत. खरी अडचण येथे वर्गणीची आहे. ज्याने चाळीस जणांचे पैसे घेतले आणि रात्रभर गाडीत न निजलेल्या कामगारांस गडमाथ्याचे वचन दिले, त्याच्या तोंडून ‘मागे फिरा’ हे शब्द सहजासहजी निघत नाहीत. साहसी पर्यटनाचे धोरण राज्य शासनाने 2021मध्ये जाहीर केले आणि आयोजकांस नोंदणी लागू केली, हे योग्यच झाले; तथापि धुक्यात माघारीचा हुकूम देण्याचे धैर्य नोंदणीच्या दाखल्याने येत नाही.

म्हणून येथील मंडळांना माझी सूचना आहे. नवशिक्यांना थेट घाटमाथ्यावर मुक्कामास नेण्यापूर्वी श्रावणातल्या एखाद्या भिजऱ्या दिवशी म्हैसमाळला पूर्ण ओझ्यासह चालवून संध्याकाळी घरी आणावे, आणि हरिश्चंद्रगडाची यादी व वर्गणी त्यानंतरच करावी. आणि वर्गणी देणाऱ्यांनी पैसे मोजण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: सर्वांच्या मागे कोण चालणार, आणि माघारी कोणत्या वेळी फिरणार?