तुटलेल्या पुलाची खबर नकाशाला कोण देणार?

देशी कंपन्यांना नकाशे करण्याची मोकळीक देणाऱ्या केंद्राच्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांना १५ फेब्रुवारी २०२६ रोजी पाच वर्षे झाली. त्याआधी २०१६ च्या एका विधेयकाच्या मसुद्यात विनापरवाना नकाशासाठी १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. तो मसुदा बारगळला हे बरेच झाले. २०२१ च्या सूचनांनी पूर्वपरवानगीचा जाच संपवला. एक मीटरहून बारीक तपशील मात्र भारतीय कंपन्यांनीच गोळा करायचा आणि देशातच साठवायचा. रस्तोरस्ती कॅमेरा फिरवण्याचा हक्कही त्यांनाच. म्हणूनच २०२२ मध्ये गूगलचे ‘स्ट्रीट व्ह्यू’ परतले ते जेनेसिस आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांच्या साथीने. पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुण्याबरोबर नाशिक आणि आजचे अहिल्यानगरही होते. हे धोरण योग्यच आहे.

पण नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार कोसळून तिघे दगावले. पुलाचा भाग त्याआधीच पुरात वाहून गेला होता. मोबाइलवरच्या नकाशाने तरीही तोच रस्ता दाखवला, असे तेव्हा सांगण्यात आले. गुन्हा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर आणि गूगलच्या अधिकाऱ्यावरही नोंदला गेला. नकाशाची माहिती कोणाच्या ताब्यात आणि कुठे साठवलेली, याची सूचनांना काळजी आहे. पूल तुटला हे नकाशाला कळवण्याचे बंधन मात्र त्यांनी कोणावरच घातलेले नाही.

नकाशा ताजा ठेवण्यात वाहनचालक आपला वाटा रोज उचलतो. वाहतूक कोंडीची लाल रेघ त्याच्याच फोनच्या हालचालीतून उमटते. या मागाचाही दुरुपयोग होऊ शकतो. जामिनावरच्या आरोपीने गूगल मॅप्सवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दाखवत राहावे, ही अट जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने खासगीपणाच्या हक्काचा भंग ठरवून रद्द केली. आरोपीला मिळालेले हे संरक्षण सामान्य प्रवाशालाही तितक्याच काटेकोरपणे मिळायला हवे.

माणूस क्षणाक्षणाला कुठे आहे हे यंत्रणेला कळते आणि पूल जागेवर नाही हे महिने उलटले तरी कळत नाही, याची चीड यायला हवी. आपल्याकडे घाट खचला की वाहतूक बंदीचा आदेश निघतो, त्याची स्कॅन केलेली प्रत व्हॉट्सॲपवर फिरते. घाटाकडे निघालेल्या ट्रकचालकाच्या नकाशात ती बंदी आपोआप उमटत नाही. ज्या खात्याचा रस्ता, त्यानेच बंद रस्त्याची नेमकी जागा आणि मुदत त्याच दिवशी सर्व नकाशा कंपन्यांना वापरता येईल अशा खुल्या स्वरूपात जाहीर करावी, असा नियम राज्य सरकारने करावा. सुरुवात घाटांपासून आणि धोकादायक पुलांपासून व्हावी, आणि तीही येत्या पावसाळ्याआधी.