विश्लेषण : निकालाच्या गुलालाचे दिवास्वप्न कामी येते का?

पुण्यातील सदाशिव पेठेतली अभ्यासिका. समोर राज्यघटनेचे पुस्तक उघडे, मन मात्र गावी. निकाल लागला आहे, गुलाल उधळला जातो आहे, चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स झळकतो आहे. भानावर येईपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. याला ‘मनातले मांडे’ म्हणून हिणवणे सोपे आहे. पण ही सवय उपयोगातही आणता येते.

मन भरकटणे हा दोष आहे का?

नाही. हार्वर्डचे मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांच्या २०१० मधील अभ्यासात जागेपणीचा जवळपास ४७ टक्के वेळ लोकांचे मन हातातल्या कामात नसल्याचे दिसले. त्यामुळे मनाला दटावून फारसे साधत नाही.

मग नुकसान कशाने होते?

फक्त शेवटचे दृश्य पाहिल्याने. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांनी जर्मनीतील पदवीधरांचा दोन वर्षे मागोवा घेतला. मनाजोगत्या नोकरीची सुखद चित्रे सतत रंगवणाऱ्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. यशाचा आनंद मनातच उपभोगला की धडपडीचा जोर ओसरतो.

उपयोग कसा करायचा?

ओटिंगन यांचा उपाय साधा आहे : गुलाल दिसला की लगेच त्याच्या आड येणारी गोष्टही डोळ्यांसमोर आणायची. कच्चे राहिलेले गणित, न झालेली उजळणी किंवा हातातून न सुटणारा मोबाइल. मग पीटर गोलवित्झर यांच्या ‘जर-तर’ पद्धतीने एक वाक्य वहीत लिहायचे : ‘जेवणानंतर मोबाइल घ्यावासा वाटला, तर आधी गणिताची दहा उदाहरणे.’ स्वप्न तेच राहते, पण ते पुढच्या तासाचे काम ठरवून देते.

अडथळा आपल्या हातातला नसेल तर?

जाहिरात लांबते, जागा मोजक्याच निघतात, वयोमर्यादा जवळ येते. ओटिंगन यांच्या प्रयोगांत यशाची शक्यता कमी वाटणारे लोक ही तुलना केल्यावर त्या ध्येयातून मन काढून घेताना दिसले. ही हार नव्हे. चार-पाच वर्षे गुलालाच्या चित्रावर काढण्यापेक्षा दुसरी वाट वेळेत धरणे शहाणपणाचे. दिवास्वप्नाने अभ्यासाला बसवले किंवा वेळीच उठवले, तर ते कामी आले म्हणायचे.