बोटीत बसणारे सगळेच तांडेल कसे चालतील?

भोर/वेल्हे : नांगर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेत येतं. पण बोट एका जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यालाही मराठीत नांगरच म्हणतात. सुकाणू, वल्हे, शीड, डोलकाठी, तांडेल हे शब्द मात्र आपण कोकणावर सोडून दिलेत. खरं तर भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी एवढी धरणं आपल्या दारात आहेत. भाटघर तर १९२८ पासून.

शब्दांनी काय होतंय, असं कुणी म्हणेल. २१ मे २०२४ आठवा. करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. धरणाचं पाणी म्हणजे समुद्र नव्हे, तिथं काय होणार, हा समज त्या दिवशी खोटा ठरला.

बोटीवर शब्द म्हणजे हुकूम असतो. इंग्रजीत बोटीच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात, डाव्या बाजूला पूर्वी लारबोर्ड म्हणायचे. वाऱ्याच्या आवाजात दोन्ही सारखेच ऐकू यायचे. म्हणून १८४४ साली ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून पोर्ट हा शब्द पक्का केला. एका शब्दाच्या घोळात बोट जाऊ नये, एवढंच कारण.

कोकणात बोटीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. पाण्यात असताना त्याचं ऐकायचं, वाद काठावर घालायचा. आपल्याकडे होडीत पाच जण बसले की पाचही तांडेल! औताला दोघांनी दोन बाजूंनी हाकलं तर तास वाकडाच जाणार. वारा सुटला की होडीचं तोंड लाटेकडे धरायचं, सगळ्यांनी खाली बसायचं, एका बाजूला गर्दी करायची नाही. पण हे सांगणारा एकच पाहिजे.

४ डिसेंबर २०२३ ला सिंधुदुर्गावर नौदल दिन झाला. नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेतली नावं देणार, असं पंतप्रधानांनी तिथं जाहीर केलं. चांगलंच आहे. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ ची, तेव्हा स्वराज्याची राजधानी आपला राजगड होता. पण नावं नुसती छातीवर लावून भागत नाही, ती कामात यावी लागतात.

म्हणून काठावरच्या गावांनी पुढच्या ग्रामसभेत चार गोष्टी मांडाव्यात. प्रत्येक होडीला एक ठरलेला तांडेल. किती माणसं बसणार, तो आकडा होडीवर रंगाने लिहिलेला. माणशी एक लाइफ जॅकेट. आणि दोर, नांगर, जादा वल्हे कायम होडीत. वारा दिसला तर होडी सोडायचीच नाही. एक खेप चुकली तर चालेल, माणूस चुकला तर परत येत नाही.