पोरावर शिक्का मारण्याआधी

जबलपूरच्या समस्त मराठी कुटुंबांना कळकळीची विनंती.

१८३०च्या दशकात ठगांचा बंदोबस्त झाला तो आपल्याच मुलखात. तेव्हा सागरला फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या थेट एडिंबरोला धाडल्या होत्या. कवटीवरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव कळतो, असं तिथले विद्वान मानत. ती विद्या खोटी ठरली. पण वरवर पाहून माणसावर शिक्का मारायची आपली खोड अजून गेलेली नाही.

आमच्या शेजारी दहावीतला मुलगा आहे. तीन आठवडे तो पोळी नुसती चिवडून ताटावरून उठत होता. पहाटे तीनला त्याच्या खोलीत दिवा, आणि समोर गणिताचं तेच पान. वडील म्हणाले, "नाटकं आहेत." आजीनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. "झोप का लागत नाही रे?" हे कुणीच विचारलं नाही. मला खिडकीतून सगळं दिसत होतं, मीही नाही विचारलं.

मानसशास्त्र हा प्रश्न विचारायला शिकवतं. कधीपासून? त्याआधी काय घडलं? कशानं बरं वाटतं? परीक्षेच्या धास्तीवर ते "धीर धर" म्हणून थांबत नाही. आज घड्याळ लावून १० मिनिटांचा पेपर, चार दिवसांनी २० मिनिटांचा, अशा पायऱ्यांनी ती धास्ती उतरवता येते. लक्ष कसं लागतं, सवय कशी जडते, दुःख कुठे अडकून बसतं, हे अंदाजानं न सांगता तपासून पाहायचं, हेच त्याचं काम. कलकत्ता विद्यापीठात हा विषय १९१६ पासून शिकवतात, आणि आपण अजून "वेड्यांची डॉक्टर होणार का?" म्हणून मुलीला गप्प करतो!

निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. देशात मानसिक आजार असलेल्या दर १०० जणांपैकी, आजारागणिक, ७० ते ९२ जणांना उपचार मिळालेच नव्हते. ही माणसं आपल्याच घरांत आहेत. त्यांच्यासाठी शिकलेली माणसं हवीत, आणि ती आपल्याच मुलांमधून यायला हवीत.

प्रवेशाचे दिवस आहेत. मुलानं हा विषय मागितला तर अडवू नका. शिक्षण-मानसशास्त्र आणि मार्गदर्शनाचं सरकारी महाविद्यालय जबलपुरातच आहे, तिथे जाऊन चौकशी करा. मंडळांनी गणेशोत्सवातली एक संध्याकाळ समुपदेशकाला द्यावी. आणि घरात कुणाची झोप उडाली असेल तर आजच विचारा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. तो देवघराशेजारच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, पोरांच्या नजरेला पडेल असा.